मुलीला बीएफए करायचंय, कर्ज किती घ्यावं? (अमेरिका)

ओसरी

मंडळी, सल्ला हवाय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मुलगी बारावीत आहे, आम्ही न्यू जर्सीत. तिला इलस्ट्रेशनमध्ये बीएफए (कलेची चार वर्षांची पदवी) करायचंय. हे काल उठून काढलेलं खूळ नाही, शाळेचं एपी ड्रॉइंग (कॉलेजच्या पातळीचा कोर्स) झालंय, नॅशनल पोर्टफोलिओ डे ला तासन् तास रांगेत उभं राहून तिने अनोळखी प्राध्यापकांकडून कामाची चिरफाड करून घेतलीय आणि घरी येऊन रडण्याऐवजी सगळं परत काढायला बसलीय. त्यामुळे "आर्ट करू द्यावं का" हा विषय आमच्याकडे संपलेला आहे, प्लीज तो परत उकरू नका. प्रश्न फक्त पैशाचा आहे.

दोन ऑफर्स आहेत. एक प्रायव्हेट आर्ट कॉलेज, नाव मोठं, राहणं-खाणं धरून वर्षाचे ७८ हजार डॉलर, २६ हजार मेरिट (गुणवत्तेवरची स्कॉलरशिप) दिलंय, म्हणजे आम्हाला ५२ हजार. दुसरी राज्याच्या युनिव्हर्सिटीचं आर्ट स्कूल, होस्टेल धरून ३६ हजार, ४ हजार मेरिट, म्हणजे ३२. आम्ही ५२९ (कॉलेजसाठीचं बचत खातं) मधले आणि पगारातले मिळून वर्षाला २० हजार देऊ शकतो, त्याच्या वर नाही, कारण धाकटा दोन वर्षांनी रांगेत आहे.

नवरा म्हणतोय मोठ्या नावाला जाऊ दे, पॅरेंट प्लस (आईबापांच्या नावावरचं सरकारी कर्ज) घेऊ, आपण दोघं कमावतोय, फेडू. मला ते पटतही नाही आणि नाही म्हणायची हिंमतही होत नाही. १ मे च्या आत डिपॉझिट भरायचंय. कोणी यातून गेलंय का?

खडूस_काका

आता मी सगळ्यांचा शत्रू होणार, पण कोणीतरी बोलायला हवं. चित्रं काढायला डिग्री लागत नाही. कॉम्प्युटर सायन्स करा, सोबत आर्टचा मायनर घ्या, संध्याकाळी चित्रं काढा. आमच्या ओळखीत एक मुलगी अशीच आर्ट करून आता कॉफी शॉपमध्ये आहे. (दिवे घ्या, थट्टा आहे.)

कोथिंबीर

काका, तिने तिसऱ्याच ओळीत हात जोडलेत हो की हे बोलू नका. आणि कॉफी शॉपमधली ती मुलगी प्रत्येक धाग्यावर कशी काय असते, एकच आहे का सगळ्यांच्या ओळखीत? कॉम्प्युटर सायन्स करून घरी बसलेली मुलं पण आहेत आजकाल, त्यांच्यावर धागा कोणी काढत नाही.

पाटी_पेन्सिल

ओसरी, मी एका कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात काम करते (कुठल्या ते विचारू नका), त्यामुळे हे रोजचं आहे. आधी तुमचा हिशेब मांडते, मत मग.

मोठं कॉलेज: ५२ वजा २० म्हणजे वर्षाला ३२ हजार कमी पडतात, चार वर्षांचे १ लाख २८ हजार. आता हे पैसे येणार कुठून ते बघा. मुलीच्या स्वतःच्या नावावर फेडरल (केंद्र सरकारचं) कर्ज मिळतं ते पहिल्या वर्षी ५५००, दुसऱ्या वर्षी ६५००, तिसऱ्या-चौथ्या वर्षी ७५०० - ७५००. बेरीज २७ हजार, संपलं. त्याच्या पुढचं सगळं तुमचं. पॅरेंट प्लस पूर्वी कॉलेजच्या पूर्ण खर्चाइतकं मिळायचं, आता १ जुलै २०२६ पासून नव्याने घेणाऱ्यांना एका मुलामागे वर्षाला २० हजार आणि एकूण ६५ हजार ही मर्यादा आलीय. म्हणजे २७ आणि ६५ झाले ९२, उरलेले ३६ हजार प्रायव्हेट बँकेकडून, तेही तुमच्या को-साइनवर (हमीच्या सहीवर), कारण अठरा वर्षांच्या मुलीला एकटीला कोणी देत नाही. तुमचे मिस्टर "पॅरेंट प्लस घेऊ" म्हणतायत ना, त्याने भोक बुजतच नाही आता.

हप्ते. २०२५-२६ चे दर धरते, पुढच्या वर्षीचे बदलतील. मुलीचे २७ हजार ६.३९ टक्क्यांनी, नवीन नियमात ही रक्कम १५ वर्षांत फेडायच्या गटात येते, महिना साधारण २३४ डॉलर. पॅरेंट प्लस ८.९४ टक्के, ६५ हजारांना २० वर्षं, महिना ५८०. आणि प्रायव्हेट समजा १० टक्क्याने १५ वर्षं, महिना ३८७. झाले १२०० डॉलर महिन्याला. यात शिकत असताना चढणारं व्याज धरलेलंच नाही, आणि पॅरेंट प्लसला वरून ४ टक्क्यांहून जास्त फी आधीच कापून घेतात ती वेगळी. नुसते ते ६५ हजार फेडताना तुम्ही १ लाख ४० हजारांच्या जवळपास भरता.

अजून एक गोष्ट कोणी सांगत नाही. मेरिटचा आकडा चारही वर्षं तोच राहतो, फी मात्र वाढते. ७८ हजार वर्षाला नुसते ४ टक्के वाढले तरी चार वर्षांत मिळून १९ हजार जास्तीचे जातात, ते वरच्या १ लाख २८ हजारात नाहीत. पत्रात बारीक अक्षरात बघा, मेरिट टिकवायला जीपीए (सरासरी गुण) किती लागतो तेही तिथेच असतं.

माझं मत असं आहे, आणि ते फक्त आर्टपुरतं नाही पण आर्टला जास्त लागू आहे: मुलीच्या नावावरचे २७ हजार ही रेघ धरा. ते कर्ज तिला झेपतं, कमाई कमी असेल तर उत्पन्नाच्या प्रमाणात हप्ता बसवून मिळतो, तिच्या हातात काही पर्याय राहतात. त्या रेघेच्या पलीकडचं कर्ज "तिच्या शिक्षणाचं" म्हणून घेतलं जातं आणि असतं आईबापांचं, त्याला उत्पन्नाप्रमाणे हप्त्याची सोय नाही (नवीन पॅरेंट प्लसला तर नाहीच), आणि उद्या तिला कितीही वाटलं तरी ते सरकारी कर्ज तिच्या नावावर करून घेता येत नाही.

रंगारी

पाटीताईंना अनुमोदन. मी आर्ट स्कूलमधूनच आलोय, इलस्ट्रेशनच केलं, सध्या एका कंपनीत प्रॉडक्ट डिझाईन करतो आणि पुस्तकांची कामं बाजूला. थोडं कमाईबद्दल लिहितो, कारण "आर्टिस्ट किती कमावतो" याला काही अर्थ नाही, आर्ट हे एक फील्डच नाहीये.

सरकारी आकडे (ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, मे २०२४) बघितले तर ग्राफिक डिझायनरचा मधला पगार ६१ हजारांच्या आसपास, क्राफ्ट आणि फाइन आर्टिस्टचा मिळून ५६ हजार, आर्ट डायरेक्टरचा १ लाख ११ हजार. वाचून बरं वाटतं ना? आता मेख अशी की हे नोकरदारांचे आकडे आहेत, स्वतःचा धंदा करणारे त्यात नाहीत, आणि चित्रकार-इलस्ट्रेटर लोकांत तेच तर जास्त. आणि आर्ट डायरेक्टर कोणी कॉलेजमधून बाहेर पडल्या पडल्या होत नाही, त्याला वर्षं जातात.

त्यापेक्षा कॉलेज स्कोअरकार्ड नावाची सरकारी साईट आहे तिथे जा आणि कॉलेजचं नाव नाही, त्या कॉलेजमधला तो कोर्स शोधा. मिडियन कमाई आणि मिडियन कर्ज दोन्ही दिसतं. त्यातही दोन गोची आहेत. एक, ज्यांनी फेडरल मदत घेतली त्यांचेच आकडे असतात, घरून सगळे पैसे भरलेली मुलं त्यात येत नाहीत. दोन, फ्रीलान्सरची कमाई म्हणून खर्च वजा जाता उरलेला नफा मोजला जातो, म्हणजे मी टॅबलेट, सॉफ्टवेअर, स्टुडिओचं भाडं वजा केलं की कागदावर आणखी गरीब दिसतो. तरी दोन कॉलेजांची तुलना करायला चालतं. माझा अंदाज, तुमच्या दोन कोर्सेसच्या कमाईत फार फरक दिसणार नाही, कर्जात दिसेल.

आता कोणी न विचारलेली गोष्ट. नवरेबुवा म्हणतील पोरगी पार्टटाइम काम करेल. स्टुडिओ क्लास ३ क्रेडिटचा असला तरी आठवड्याला सहा तास वर्गात उभं राहायचं असतं, वर घरचं काम तेवढंच. फाउंडेशनच्या (पहिल्या) वर्षात तर माणूस झोपतो कधी हाच प्रश्न असतो. आमच्या वर्गात ज्यांना जगायला काम करावं लागायचं ती मुलं क्रिटला (वर्गात सगळ्यांसमोर कामाची चिकित्सा होते तेव्हा) अर्धवट काम घेऊन यायची, हुशारीत कुठेही कमी नव्हती, वेळच नव्हता. आणि सामान! प्रिंटिंग, कागद, रंग, शेवटच्या वर्षीच्या शोचं फ्रेमिंग. खर्चाच्या पत्रात "बुक्स अँड सप्लाइज" म्हणून जो आकडा असतो त्याच्यावर जाऊ नका, सीनियर मुलांना विचारा.

कोथिंबीर

को-साइनवरून आठवलं. माझ्या भाच्याचं सांगते, कॉलेजचं नाव घेत नाही. माझ्या मोठ्या भावाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, प्रायव्हेट लोनवर सही केली, मुलगा थ्रीडी शिकला, चांगला आहे कामाला, पण कामं येतात तेव्हा येतात, मधले तीन-चार महिने कोरडे. बँकेला त्याच्याशी काय घेणं, हप्ता एक तारखेला गेला पाहिजे. दोन हप्ते चुकले तर भावाचा क्रेडिट स्कोअर खाली, तेही नेमकं घराचं रिफायनान्स करायच्या वेळी. आता बापलेकात फक्त पैशाचं बोलणं होतं. फोन आला की दोघांनाही माहिती असतं कशासाठी.

पाटी_पेन्सिल

कोथिंबीर, हे फार कॉमन आहे गं. आणि लोकांना वाटतं अगदीच झेपलं नाही तर दिवाळखोरीत सुटेल. नाही सुटत. फेडरलचं आधीपासून अवघड होतं, २००५ च्या कायद्यापासून प्रायव्हेटचंही तेच, कोर्टात "अनड्यू हार्डशिप" (फेडणं अगदीच अशक्य आहे असं) सिद्ध करावी लागते.

चिंगी

एक शंका. आम्ही अजून एच१बी (नोकरीच्या व्हिसा) वर, मुलगी एच४ (कुटुंबीयांच्या व्हिसा) वर. आम्हाला यातलं काय लागू?

पाटी_पेन्सिल

चिंगी, वरचं जवळजवळ काहीच नाही. एच४ वर फेडरल कर्ज नाही, पेल ग्रँट (गरजूंना मिळणारी सरकारी मदत) नाही. कॉलेजची स्वतःची मेरिट असते ती मिळू शकते, काही राज्यांत रहिवाशांची फीही लागू होते, ते तुमच्या राज्याचं बघा. कर्ज म्हणाल तर प्रायव्हेट, आणि बहुतेक ठिकाणी सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला को-साइनर मागतात. २१ पूर्ण झाले की एच४ संपतो, मग एफ१ (विद्यार्थी व्हिसा). आणि इथे आर्टवाल्यांनी नीट बघायचं: एफ१ वर डिग्रीनंतर कामाला ओपीटीचे १२ महिने मिळतात, पुढचे २४ फक्त स्टेमवाल्यांना (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित). पेंटिंग, इलस्ट्रेशन स्टेममध्ये नाही. ॲनिमेशन आणि व्हिज्युअल इफेक्ट्सचा एक कोड (सरकारी यादीतला कोर्सचा क्रमांक) मात्र त्या यादीत आहे. म्हणजे जवळजवळ तेच शिक्षण, पण कॉलेजने कोर्स कुठल्या कोडखाली टाकलाय त्यावर तुमच्या मुलीची दोन वर्षं अवलंबून. ॲडमिशन ऑफिसला ईमेल करून कोड लेखी मागा.

सदाशिवपेठी

इतका जीव टांगणीला लावण्यापेक्षा मुंबईला जेजेला पाठवा की. १८५७ पासूनची संस्था, तुमच्या निम्म्या कॉलेजांपेक्षा जुनी. फी ऐकाल तर हसाल.

ओसरी

सदाशिवपेठी, सुचवलंत त्याबद्दल थँक्स, पण ती इथे वाढलीय, काम इथे करायचंय, आणि आर्टमध्ये इंटर्नशिप आणि ओळखी जिथे शिकता तिथल्याच होतात असं ऐकलंय. शिवाय ॲडमिशनला सीईटी द्यावी लागते आणि आमचं वर्ष इथेच संपत आलंय.

पाटीताई, ते १२०० नवऱ्याला दाखवले. पाच मिनिटं गप्प होता. मग म्हणाला "पण नाव मोठं आहे गं, नावाचं काही तरी मिळेलच ना." आता याला काय सांगू?

रंगारी

नावाचं मिळतं, खोटं कशाला बोलू. मोठ्या कॉलेजात रिक्रूटर येतात, शिकवणारे स्वतः बाजारात काम करत असतात, शेजारी बसलेला मुलगा पाच वर्षांनी तुम्हाला काम देतो. मला पहिलं काम असंच मिळालं. पण इंटरव्ह्यूमध्ये मला आजवर कोणी कॉलेज विचारलेलं नाही, लिंक उघडून पोर्टफोलिओ बघतात, वीस सेकंद, आवडलं तर पुढे.

आणि नाव कायम टिकतं असंही नाही. सॅन फ्रान्सिस्को आर्ट इन्स्टिट्यूट, १८७१ मधलं, बंद पडलं. फिलाडेल्फियाची युनिव्हर्सिटी ऑफ द आर्ट्स तर तुमच्या शेजारी, २०२४ मध्ये ३१ मे ला बातमी आली आणि ७ जूनला कुलूप. मुलांनी पुढच्या वर्षीच्या रूम बुक केल्या होत्या. छोट्या प्रायव्हेट आर्ट कॉलेजांचा सगळा डोलारा मुलांच्या फीवर उभा असतो, मुलं कमी झाली की धाप लागते. तेव्हा त्या मोठ्या नावाची मुलांची संख्या गेल्या काही वर्षांत वाढलीय का घटलीय हे बघा, कोर्स बंद करतायत का ते बघा.

पाटी_पेन्सिल

हो, आणि कॉलेज बंद पडलं तर नियमात बसणाऱ्यांचं फेडरल कर्ज माफ होऊ शकतं. प्रायव्हेट बँक मात्र तरीही हप्ता मागते.

मोठ्या नावाबद्दल म्हणाल तर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या फिल्म एमएफएचं (कलेतलं मास्टर्स) छापलं होतं. कोलंबियापेक्षा मोठं नाव कुठलं? फेडरल कर्ज घेतलेल्यांचं मधलं कर्ज १ लाख ८१ हजार, आणि दोन वर्षांनी त्यातले निम्मे ३० हजारांच्याही खाली कमवत होते. ते मास्टर्सचं होतं, तुमचं बॅचलर्स, पण नवरेबुवांना वाचायला द्या.

अजून एक नवीन. १ जुलै २०२६ पासून नियम आलाय की कोर्स पूर्ण केलेल्यांची मधली कमाई त्या राज्यातल्या फक्त हायस्कूल झालेल्या २५ ते ३४ वयाच्या लोकांपेक्षा कमी निघाली, तीनातली दोन वर्षं, तर त्या कोर्सला फेडरल कर्जच बंद. काठावर असलेले आर्ट कोर्सेस कुठे आहेत ते पुढच्या काही वर्षांत कळेल.

खडूस_काका

म्हणजे मी म्हणत होतो ते सरकारही म्हणतंय.

रंगारी

नाही हो काका, सरकार कर्जाबद्दल बोलतंय, तुम्ही चित्रांबद्दल बोलत होता. आणि ही मोजणी कोर्स संपल्यावर काही वर्षांतच होते. इलस्ट्रेटरची गाडी उशिरा चालू होते, पहिली वर्षं पडेल ते काम, मग हळूहळू गिऱ्हाईक बांधलं जातं. म्हणून तर हप्ता छोटा हवा. ज्याला महिन्याला २३४ भरायचेत तो कमी पैशाचं पण चांगलं काम घेऊ शकतो, फुकट का होईना स्वतःचं पुस्तक करू शकतो. ज्याला १२०० भरायचेत तो पहिल्या आठवड्यात मिळेल त्या नोकरीला चिकटतो आणि मग संध्याकाळी चित्रं काढतो. म्हणजे काकांचाच प्लॅन, फक्त सव्वा लाख खर्च करून :)

अशीच_एक

वाचनमात्र होते, पण लिहिते. मुलगा पब्लिक युनिव्हर्सिटीतूनच बीएफए झाला. एक फायदा सांगते जो आम्हाला आधी कळला नव्हता, युनिव्हर्सिटीत बाकीचे विषय असतात. त्याने बायोलॉजीचे तीन क्लासेस घेतले, आता मेडिकल इलस्ट्रेशनकडे वळतोय. निव्वळ आर्ट कॉलेजात हे जमलं असतं का शंका आहे. तोटा पण सांगते, सुविधा कमी होत्या, प्रिंटमेकिंगचा प्रेस एकच, रात्री अकराला नंबर लागायचा. आणि शिकवणारे काही उत्तम, काही दिवस ढकलणारे.

मास्टर्सचं आत्तापासून डोक्यात असू द्या. एमएफए करायचंच झालं तर पूर्ण फी माफ आणि शिकवण्याचा स्टायपेंड देणारे प्रोग्रॅम आहेत, बरेच पब्लिक युनिव्हर्सिटीत. नव्या नियमात ग्रॅड प्लस (मास्टर्ससाठीचं सरकारी कर्ज) पण बंद झालंय, तेव्हा बॅचलर्सलाच सगळं उधळून बसू नका.

ओसरी

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, काकांना पण.

काल रात्री तिघं बसलो. मी काहीच बोलले नाही, हा धागा तिला वाचून दाखवला (मराठी बोलते, वाचायचा कंटाळा). तिने वही घेतली आणि राज्याच्या युनिव्हर्सिटीचा हिशेब मांडला. ३२ वजा २०, वर्षाला १२ हजार कमी, चार वर्षांचे ४८, तिचे फेडरल २७, उरले २१. मग म्हणाली शेवटची दोन वर्षं घरून जाईन, होस्टेल वाचलं की ते २१ पण नाहीत. नंतर दार लावून घेतलं. सकाळी डोळे सुजलेले होते, पण डिपॉझिटची लिंक तिनेच पाठवली, अजून भरलेलं नाही.

नवऱ्याचं एकच म्हणणं उरलंय, मोठ्या कॉलेजला एकदा विचारून तर बघू, मेरिट वाढवतात का. असं विचारतात का हो? लाज नाही ना वाटणार?

पाटी_पेन्सिल

अगं लाज कसली, आमच्याकडे एप्रिलमध्ये अशा पत्रांचा ढीग असतो. दोन रस्ते आहेत, मिसळू नकोस. उत्पन्न घटलंय, नोकरी गेलीय, आजारपण आलंय असं काही असेल तर फायनान्शियल एड ऑफिसला कागदपत्रांसकट अपील. तसं नसेल तर ॲडमिशन ऑफिसला मेरिटच्या फेरविचाराची विनंती, दुसऱ्या ऑफरचं पत्र जोडायचं, आणि अर्जानंतर तिने केलेली नवीन कामं पाठवायची. पत्र तिने लिहायचं, तुम्ही नाही. आकडा स्पष्ट मागायचा. तुमच्या हिशेबात रेघेच्या आत राहायला वर्षाला साधारण २५ हजार आणखी लागतील, तेवढे कोणी देत नाही हे आधीच सांगते. दोन-पाच हजार वाढवले तर खूश होऊन सही करू नका, तेवढ्याने चित्र बदलत नाही.

रंगारी

आणि उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका. राज्याच्या स्कूलमध्ये इलस्ट्रेशनचे सीनियर थिसिस शो एप्रिल-मे मध्येच असतात, लेकीला घेऊन जा. भिंतीवरची कामं बघा, आणि तिथे उभ्या असलेल्या मुलांना दोनच गोष्टी विचारा: मागच्या उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठे केलीस, आणि तुला सगळ्यात जास्त कोणी शिकवलं. तेच एक-दोन प्राध्यापक वेगवेगळ्या तोंडून ऐकू आले तर पहिल्या सेमिस्टरलाच त्यांचे क्लास धरायला सांगा, ते लवकर भरतात.